तू कधीच न मळलेलं पीठ

माय,

उद्या देवळात प्रभुभोजन आहे आणि पाळकसाहेब मंडळीत मोडून वाटतात ती भाकर करायची पाळी माझ्यावर आली आहे. नेहमी पाळकबाई करतात, पण त्यांना ताप भरलाय, आणि सकाळीच त्यांनी निरोप धाडला की बाई, या खेपेला तुमच्या हातची होऊ द्या. इतकी वर्षं मी हे टाळत आले. कधी बोटं आखडली म्हणाले, कधी घरात गहू नाहीत म्हणाले. आज ते जमलं नाही, कारण नाताळाला आलेला दादा तिथंच खुर्चीवर बसला होता आणि मी तोंड उघडायच्या आत बोलून मोकळा झाला, "करते ना! काऊन नाही करणार? आमच्या घरचंच काम होय ते." झालं. आता कणीक चाळून परातीत ठेवली आहे, शेजारी पाण्याचा तांब्या आहे, आणि मी तिला हात न लावता ओसरीवर येऊन तुला लिहीत बसले आहे. का, ते तुला सांगायला नको. ज्याचं भावाबहिणीशी मन साफ नाही त्यानं त्या पिठाला हात लावायचा नाही, हा नेम तूच घातलास. आणि माझं दादाशी मन साफ नाही, माय. तुला मातीआड केलं त्या दिवसापासून नाही.

तसं आमचं भांडण कुणाला दिसायचं नाही. नाताळाला तो नागपुराहून येतो, येताना माझ्यासाठी संत्री आणतो. दारात "सलाम, बाई" म्हणतो, मी "सलाम, दादा" म्हणून चहा टाकते. तो दाढेचं दुखणं सांगतो, मी गुडघ्यांचं सांगते. दोघांची डोकी पांढरी झाली. लोक म्हणतात, बहीणभाऊ असावेत तर असे! लोकांचं काय जातं? वरून कीर्तन आणि आतून तमाशा. बाबा असते तर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. आठवतं तुला, शाळेच्या त्या पत्र्याखाली रविवारी ते उभे राहायचे आणि शांतीवर बोलायचे? "मोट थांबली की विहिरीवर शांतच असते, बाप्पा. बैल उभे, चाक गप, पाखराचाबी आवाज ऐकू येते. पण त्यानं वावर भिजते का? प्रभूची शांती म्हणजे गप बसणं नोहे. ती इकडून तिकडे वाहाले पाहिजे." शेतातली माणसं माना डोलवायची. मी तेव्हा डुलक्या काढायची. पण आता दादा समोर चहा पीत बसला की मला ती थांबलेली मोट दिसते.

तुझं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. डोणगावाबाहेरच्या त्या लहानशा गावात मिशननं बाबांना शाळा दिली होती, आणि शाळेच्या पाठीशी आपल्या दोन खोल्या. चूल, तिच्या डाव्या हाताला जातं, वर कांद्याच्या माळा. आपण ज्वारीचे खाणारे, गहू घरात यायचे ते महिन्यातून एकदा, प्रभुभोजनापुरते. तू ते पाखडायचीस, निवडायचीस, जात्यावर स्वतः दळायचीस. कणीक वस्त्रगाळ करायचीस. इथपर्यंत सगळं तुझ्या हातचं. मग मात्र परात आम्हा दोघांच्या मधे सरकवायचीस आणि बाजूला होऊन बसायचीस. एकानं पाणी घालायचं, दुसऱ्यानं मळायचं. मीठ नाही, तेल नाही, काही नाही. "नुसतं पीठ आन् पाणी," तू म्हणायचीस, "त्यात आपली अक्कल घालायची नाही." त्याआधी दोघांच्या तोंडाकडे बघून विचारायचीस, "शांती आहे का?" आम्ही "हाव" म्हटलं की परात पुढं यायची. गव्हाची असली तरी तिला आपण भाकरच म्हणायचो. तू ती भाजायचीस, फडक्यात बांधायचीस, पण मळताना कधी एक बोट लावलं नाहीस. मला वाटायचं, आमचे हात लहान म्हणून आमच्याकडून करून घेते. मला त्याचा केवढा तोरा होता!

आणि मग तो राघू आला. दादानं लिंबाच्या ढोलीतून काढलेला, मिरच्या आणि भिजलेली डाळ चारून वाढवलेला. मेल्यानं त्याला काय शिकवावं? "रडकी आली, रडकी आली." मी अंगणात पाऊल टाकलं की पिंजऱ्यातून सुरू. शाळेतली पोरं हसायची, बाबासुद्धा मिशीत हसायचे. एके दिवशी मी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि त्याला म्हटलं, जा आता, रानात जाऊन म्हण. गेला तो. दादा शाळेतून आला, रिकामा पिंजरा पाहिला आणि रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याशी बोलायचाच बंद झाला. आठवडाभर. मी त्याच्या ताटात माझी चटणी ठेवली, त्यानं ती उचलून जमिनीवर ठेवली. मग मलाही चढला राग. म्हटलं, जा बे, मलेबी नाही बोलायचं.

शनिवार आला. तू परात मधे ठेवलीस. "शांती आहे का?" दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "हाव." मी म्हणाले, "हाव." पाळकसाहेब उद्या मेहकरहून बैलांच्या दमणीत बसून येणार, पाच गावची मंडळी जमणार, नाही म्हणायची कुणाची छाती? मी मळायला लागले आणि तो पाणी घालायला लागला. माय, त्यानं मुद्दाम भसाभसा पाणी ओतलं, म्हणजे बोलणी मला बसतील. परातीखाली त्याची टाच माझ्या अंगठ्यावर आणि माझी नखं त्याच्या पोटरीत. वरून दोघं कसे, देवळातली मेणबत्ती! तू चुलीशी बसून सगळं पाहत होतीस. मग उठलीस, तो चिकट गोळा दोन्ही हातांवर फडकं घेऊन उचललास आणि मागच्या दारी जाऊन गाईपुढं टाकलास. घरातला सगळा गहू त्यात होता. दादा घाबरून म्हणाला, "माय, आता उद्या?" तू हात झटकून म्हणालीस, "हे पीठ खोटं होय. गाईले चालते, देवाले नाही चालत."

तो रविवार मी कधी विसरणार नाही. बाबा रिकामी थाळी हातात घेऊन मंडळीपुढं उभे राहिले. म्हणाले, "आज आमच्या घरात शांती नव्हती, म्हणून भाकर झाली नाही. मले माफ करा." पाळकसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. एवढ्या लांबून ते आले होते. पुढच्या रांगेत एक म्हातारी काठी धरून बसली होती, तिला ऐकू कमी यायचं म्हणून ती मोठ्यानं बोलायची. ती म्हणाली, "असू द्या, मास्तर! आमच्याई घरात कुठं झाली!" आधी कुणीतरी फसकन हसलं. मग सगळे हसले. आणि हसता हसता तिच्या दोन्ही सुना पदरानं डोळे पुसायला लागल्या. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, आपापल्या घरी जा, जे करायचं राहिलं असेल ते करा, मी पुढच्या महिन्याला येतो. आम्ही दोघं कोपऱ्यात उभे, माना खाली. जमीन दुभंगती तर बरं, असं झालं होतं.

घरी आल्यावर दादा तुझ्यावर उलटला. एरवी कधी वर तोंड करून न बोलणारा तो! "आमालेच काऊन? आमीच काऊन मळाचं? तू तं कधीच मळत नाही. तू मळली असती तं झालं नसतं हे." तू तव्यावर भाकर टाकली होतीस. तुझा हात तसाच राहिला. आणि तू आमच्याकडे न बघता म्हणालीस, "मले एक भाऊ आहे. डोणगावले."

भाकर करपली त्या दिवशी. एवढ्या वर्षांत एकदाच.

मला तोवर माहीतच नव्हतं की मला मामा आहे. आणि गंमत पाहा, मी त्याला दर बाजारी भेटत होते. तू मला घेऊन डोणगावच्या बाजाराला जायचीस आणि बांगडीवाल्या चाचाच्या पालापाशी थांबायचीस. चाचा म्हणायचे, "बैठो बेटी, धूप है." तू बसायची नाहीस. लांबून बोट दाखवायचीस, "त्या तांबड्या पागोट्यावाल्या बाबाकून गूळ आण, दुसऱ्याकून नोको." मी जायची. तो माणूस तराजूला हात लावायच्या आधी ढेपेचा एक खडा फोडून माझ्या तळहातावर ठेवायचा आणि विचारायचा, "घरचे बरे हायेत ना?" मी तोंड भरून म्हणायची, "हाव." बस्, एवढंच. तो माझ्या डोक्यावरून तुझ्याकडे बघायचा आणि तू बांगड्यांकडे बघायचीस. बाबांनी बाप्तिस्मा घेतला, पाठोपाठ तू घेतलास, आणि तुझ्या भावानं तुझं नाव टाकलं. तू एकदा त्याच्या घरी गेली होतीस म्हणे, मला पोटाशी धरून, आणि त्यानं दार लावून घेतलं. आपल्याकडे दिवाळी नव्हती, पण भाऊबीजेच्या दिवशी तू ओटा सारवायचीस आणि डोणगावच्या वाटेकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायचीस. आपल्या घरात एरवी तांदूळ कोण खात होतं, माय? ते तांदूळ निवडणं भावाच्या पानासाठी होतं, हे मला फार उशिरा कळलं. मी एकदा म्हटलं, पण मामा गूळ तर देतो ना! तू म्हणालीस, "तो देते, मी घेतो. हे न भांडणं झालं, बाई. शांती नाही झाली." म्हणून तू त्या पिठाला हात लावत नव्हतीस. आम्हाला दरवेळी विचारायचीस आणि स्वतःला विचारायला घाबरायचीस.

मग तू गेलीस. मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते, दादाला नागपुरात नोकरी लागली होती, आणि हिवाळ्याच्या तोंडी तुला ताप आला तो उतरलाच नाही. आपल्या कबरस्तानाला बोरीच्या काट्यांचं कुंपण आणि लाकडी फाटक होतं. बाबा खड्ड्याशी उभे राहून वाचत होते. मी मान वर केली आणि फाटकात तांबडं पागोटं दिसलं. त्याच्या दोन्ही हातांवर हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं. बहीण नवऱ्याआधी, सवाष्ण गेली तर तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं, हे आपल्यात नसलं तरी मला ठाऊक होतं. दादालाही ठाऊक होतं. तो फाटकाशी गेला आणि मला ऐकू येईल एवढ्यानं म्हणाला, "जित्तेपणी एका भाऊबीजेले आला नाही. आता कायले आला?" मामा म्हणाला, "माही बहीण होय रे, पोरा." दादानं फाटक लोटलं आणि आडणा घातला. मामा लुगडं काखेत धरून डोणगावच्या वाटेनं गेला. तू जन्मभर ज्याची वाट पाहिलीस तो शेवटी दारापर्यंत आला होता, आणि तुझ्याच पोरानं त्याला परत पाठवलं. माती टाकताना मी रडत होते ते तुझ्या दुःखानं, असं लोकांना वाटलं. अर्धं ते रागाचं रडणं होतं. मी दादाला तेव्हा काही बोलले नाही. नंतरही नाही. मामाही काही वर्षांनी गेला. आता त्या रागाचं मी काय करावं, तूच सांग.

आतून दादा हाका मारतोय. "बाई, पाणी कोमट झालं, येते का नाही?" जाते.

माय, परत बसले आहे. ऊन आता अंगणातून निघून भिंतीवर चढलंय. माझ्या नखांत पीठ आहे, त्यामुळे कागदाला डाग पडतायत, पडू दे.

मी आत गेले तर दादा खाली बसलेला. त्याचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट, तो खाली कसा बसला देव जाणे. बाह्या वर केलेल्या, तांब्या हातात. म्हणाला, "मी पाणी टाकतो, तू मळ. पह्यल्यासारखं." मी उभीच राहिले. शाळेत शिकवून शिकवून माझी भाषा पुस्तकी झाली आहे, दादा म्हणतो बिघडली, पण त्या क्षणी तोंडातून तुझंच बोलणं आलं. मी म्हणाले, "मी नाही मळत. मले एक भाऊ आहे."

त्यानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "मामाचं का?"

"हाव."

"मले वाटलंच. तू गूळ खाल्ला होता त्याचा. मी नाही खाल्ला. मी दर भाऊबीजेले शाळेच्या खिडकीतून पाहे, माय ओट्यावर बसून राह्यली, बसून राह्यली. दिवस बुडाला की निवडलेले तांदूळ तशेच मडक्यात ओतून टाके. तुले दिसत नव्हतं, तू लहान. मले वाटे, हा माणूस एकदा हाती लागला पाहिजे. आन् लागला, तो त्या दिवशी." त्यानं परात बाजूला सारली. "चुकलं माझं. पण काऊन चुकलं, हे तं पूस ना कधी!"

मी खाली बसले. गुडघे आखडले होते तरी बसले. म्हटलं, "मग मामा तसाच गेला ना रे, दादा."

"तसाच नाही गेला," तो म्हणाला. "मी गेलो होतो डोणगावले. पुढच्या उन्हाळ्यात. दारात उभा राह्यलो, म्हणलं लावते हा दार. त्यानं आत घेतलं, मामीले हाक मारली, गूळ-पाणी द्याले लावलं. मी माफी मांगाले तोंड उघडलं तं म्हणे, राहू दे पोरा. तू दार लावलं, मीबी एकदा लावलं होतं. फिटलं ते. खाय गूळ. मंग आमी दोघं रडलो, बाई. मामीनं भाकर वाढली, जेवून आलो. तो होता तवरोक दरसाल जात होतो."

ऐकलंस, माय? इकडे मी तुझ्या भावापायी माझ्या भावाशी मनात अबोला धरून म्हातारी झाले, आणि ते दोघे गूळ-पाणी पिऊन केव्हाचे मोकळे! मला इतका संताप आला की मी हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "मग सांगितलं काऊन नाही बे? इतकी वर्षं संत्री आणून राह्यला, हे नाही आणता आलं?"

"तू पुसलं कधी?" तोही तणतणला. "मले वाटे, तू पुसशीन मंग सांगीन. तू नुसती चहा दे आन् गुडघे सांग!"

आणि मग काय झालं मला नीट सांगता येत नाही. आम्ही दोघं हसायला लागलो. मला त्या म्हातारीचा आवाज ऐकू आला, आमच्याई घरात कुठं झाली! दादालाही तीच आठवली असणार, कारण तो डोळे पुसत म्हणाला, "शांती आहे का, रडके?" मी म्हटलं, "पाणी टाक आधी." त्यानं टाकलं. या वेळी बेतानं, थोडं थोडं, जसं तू सांगायचीस तसं. मी मळत गेले. शेवटी पाणी कमी पडलं तेव्हा उठून तांब्या भरून आणला. भाकर चांगली झाली आहे. पांढऱ्या फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवली आहे, आणि दादा खुर्चीत मान टाकून घोरतोय.

तुला एक खरं सांगते. पिठात हात घातला तेव्हा माझा राग पुरता गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. सांगितलं का नाही, हा राग निराळाच, तो आता कुठं उगवलाय! तुझा नेम आधी शांती, मग पीठ. माझं आज उलटंच झालं, अर्धीमुर्धी शांती घेऊन बसले आणि बाकीची मळता मळता आली, अजून येतेय. तू जन्मभर मन सगळं साफ व्हायची वाट पाहत चुलीशी बसून राहिलीस. तुझा हात एकदा धरून त्या पिठात घालायला हवा होता मी. मला ते तेव्हा समजायला हवं होतं असं नाही, मी लहान होते. पण तुझे हात त्या पिठात पाहायची फार इच्छा होती, माय.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही आणि कुठं टाकायचंही नाही, हे मलाही कळतं. दादा उठायच्या आत घडी घालून ठेवते, कारण त्याला एक गोष्ट सांगितलेली नाही. तांब्या भरायला उठले होते ना, तेव्हा फडताळातल्या डब्यातून सुपारीएवढा गुळाचा खडा काढून त्या पाण्यात विरघळवला. नुसतं पीठ आन् पाणी, त्यात आपली अक्कल घालायची नाही, हे मला पाठ आहे. पण तुझा भाऊ त्या दिवशी फाटकातून परत गेला होता, उद्या तरी त्याला आत येऊ दे. मंडळीत कुणी म्हणालंच, भाकर आज गोड कशी, तर मी खाली मान घालून गप्प बसणार आहे.